चार तारांची बखर

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गडकोट, तहनामे, तलवारी आणि राज्याभिषेक उभे राहतात. घरातल्या लहानसहान वस्तूंनाही इतिहास असतो, त्यांतही तह होतात, हद्दीवरून तंटे होतात, कुणी घर सोडून जातो नि कुणी परक्या घरी नांदायला येतो, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. आज मी जिची बखर सांगायला बसलो आहे ती वस्तू दिवाळीच्या ह्या दिवसांत प्रत्येक घरात कुठल्या तरी भिंतीवरून लोंबत असेल. पाहुणे फराळाला येतात, चकलीचा तुकडा मोडता मोडता ‘जरा चार्जर आहे का हो?’ म्हणून विचारतात, आणि आपण जी केबल पुढे करतो, तीच ही.

ह्या केबलीच्या पोटात मुळात चार तारा असतात. दोन वीज वाहतात आणि दोन निरोप वाहतात. नव्या लंबगोल तोंडाच्या केबलीत तारा अधिक असतात. पण ह्या मूळच्या चार तारांचे काम तिथेही चालूच आहे. वीज वाहणाऱ्या तारांविषयी कुणाची तक्रार नाही. माझी बखर आहे ती निरोप वाहणाऱ्या दोन तारांची.

मी घरी गेली कित्येक वर्षे लिनक्स वापरतो. आणि लिनक्सवाल्याला एक कोडे पहिल्या दिवसापासून सतावत असते. अँड्रॉइड फोनच्या पोटात जो गाभा आहे, तोही लिनक्सचाच. म्हणजे मेजावरचा संगणक आणि हातातला फोन एकाच कुळातले, सख्खे नसले तरी चुलत भाऊ. मग दोघांना एका तारेने जोडल्यावर त्यांनी आपल्या घरच्या बोलीत बोलावे की नाही? पण तसे होत नाही. ते बोलतात तिसऱ्याच घरची भाषा. आणि तीही अशा घरची की ज्याच्याशी ह्या कुळाचा एके काळी उभा दावा होता. हे असे का झाले, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जायला हवे.

१९६९ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी प्रांतात, बेल प्रयोगशाळेत, केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची ह्या दोघांनी युनिक्स नावाच्या प्रणालीचा पाया घातला. पीडीपी-७ नावाचे जुनेपाने यंत्र त्यांच्या हाताशी होते. ह्या मंडळींची एक श्रद्धा होती. संगणकाला जे जे जोडलेले असेल, ते ते वापरणाऱ्याला होता होईतो फाइलसारखे दिसावे. आणि साऱ्या फाइली मिळून एकच झाड व्हावे. त्याला एकच मूळ, आणि त्या मुळापासून फुटलेल्या फांद्या. दुसरी एखादी तबकडी आणून जोडली तर तिचे वेगळे झाड लावायचे नाही. ह्याच झाडाच्या एका फांदीवर तिचे कलम बांधायचे. ह्या कलम बांधण्यालाच युनिक्सच्या भाषेत ‘माउंट’ करणे म्हणतात. आपल्या कोकणातल्या आंबेवाल्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. रायवळच्या रोपावर हापूसची काडी बांधली म्हणजे खोड एकच राहते आणि फळ मात्र हवे ते येते, तसेच हे.

पुढे १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनुस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने युनिक्सच्या वळणावर आपला गाभा लिहायला घेतला आणि तो सगळ्यांना खुला केला. तोच लिनक्स. झाड तेच, कलमाची रीतही तीच.

आता केबलीकडे वळू. १९९० च्या सुमारास संगणकाची पाठ म्हणजे एक जत्राच होती. कळफलकाचे भोक वेगळे, उंदराचे वेगळे, छपाईयंत्राचे वेगळे, आणि चुकीच्या भोकात जोर करून घातले तर पिना वाकायच्या. ह्या गोंधळाला कंटाळून इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डेक, एनईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले. ह्या कामात इंटेलमधले जे गृहस्थ अग्रभागी होते, त्यांचे नाव अजय भट्ट. त्यांचे शिक्षण बडोद्याचे, महाराजा सयाजीराव विद्यापीठातले. गायकवाड महाराजांच्या नावाने उभ्या असलेल्या विद्यापीठातून बाहेर पडलेला एक विद्यार्थी उद्या सगळ्या जगाच्या खिशात जाणारे भोक घडवील, असे बडोद्यात तेव्हा कुणाला वाटले असेल का? आपल्या वाचकांपैकी जे बडोदेकर असतील, त्यांनी ह्या दिवाळीत एक करंजी जास्त खायला हरकत नाही.

पहिल्या यूएसबीचा वेग सेकंदाला फार तर १ कोटी २० लाख बिट. एप्रिल २००० मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि तो ४८ कोटींवर गेला. जानेवारी २००१ मध्ये लिनक्सचा २.४ हा गाभा बाहेर पडला, त्यात यूएसबीची नीट सोय होती. त्याच काळात बोटाएवढे पेन ड्राइव्ह दुकानांत दिसू लागले आणि आमच्यासारख्यांचा सुवर्णकाळ सुरू झाला.

ह्या पेन ड्राइव्हची बोली अगदी साधी होती. ‘मास स्टोरेज’ हे तिचे नाव. तिच्यात यंत्र एवढेच सांगते की, माझ्याकडे इतकी पाने कोरी आहेत. हवे ते पान वाच, हवे त्या पानावर लिही. त्या पानांवर काय लिहिले आहे, कुठली फाइल कुठे सुरू होते नि कुठे संपते, ह्याचा हिशेब ठेवायचे काम पूर्णपणे संगणकाचे. वाण्याने आपली रोजकीर्द उचलून सरळ गिऱ्हाइकाच्या हातात द्यावी, तसला हा उघडा कारभार. लिनक्सला हे फार मानवले. वही हातात आली की तिचे कलम झाडावर बांधायचे, की झाले काम.

ऑक्टोबर २००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन विक्रीला आला तेव्हा त्यानेही हीच रीत उचलली. फोनमध्ये नखाएवढे कार्ड असे. केबल जोडायची, पडद्यावरचे बटण दाबायचे, आणि ते कार्ड पेन ड्राइव्हसारखे संगणकावर हजर होई. आजही जुन्या लिनक्सवाल्यांच्या गप्पा निघाल्या की त्या दिवसांची आठवण काढून उसासे टाकले जातात. पण ह्या सुखाच्या पोटात एक काटा होता, आणि तो नीट पाहिल्याशिवाय पुढचा इतिहास अन्यायाचा वाटेल.

एका वहीत दोन कारकून एकाच वेळी लिहू लागले तर काय होईल? पहिल्याने एक पान कोरे आहे असे मनात धरून ठेवलेले, तेवढ्यात दुसऱ्याने त्यावर जमा मांडलेली; मग पहिला येऊन त्याच पानावर खर्च मांडणार. दोघेही प्रामाणिक, पण हिशेब मात्र बुडाला. म्हणून वही संगणकाच्या हाती द्यायची तर फोनने आपले हात पूर्णपणे काढून घ्यावे लागत. केबल लावून कार्ड संगणकाला दिले की फोनवरची गाणी बंद, छायाचित्रे गायब, आणि कार्डावर बसवलेले प्रोग्रॅमही नाहीसे. शिवाय काम झाल्यावर नीट निरोप न घेता केबल ओढली तर वहीची पाने अर्धवट राहत. त्या वह्या फॅट नावाच्या जुन्या मांडणीत लिहिलेल्या असत, कारण सगळ्या संगणकांना वाचता येणारी तेवढी एकच मांडणी होती. आणि तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नसे.

हा काटा काढायला जी भाषा पुढे आली, तिचा जन्म मात्र फोनसाठी झालेला नव्हता. ती आली कॅमेऱ्यांच्या घरातून. २००० साली कॅमेरे बनवणाऱ्यांच्या संघटनेने पीटीपी नावाचे प्रमाण ठरवले. त्यातली कल्पना अशी की कॅमेऱ्याने आपली वही कुणाच्या हाती द्यायचीच नाही. संगणकाने खिडकीपाशी उभे राहावे, ‘तुझ्याकडे कोणकोणती चित्रे आहेत?’ म्हणून विचारावे. कॅमेऱ्याने प्रत्येक चित्राला एक क्रमांक देऊन यादी पुढे करावी. मग संगणकाने क्रमांक सांगावा, कॅमेऱ्याने आत जाऊन ते चित्र आणून द्यावे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात संशोधक जसा रुमालाचा क्रमांक चिठीवर लिहून देतो नि कारकून तो रुमाल आतून आणतो, थेट तसा हा व्यवहार. रियासतकार सरदेसायांसारखा माणूसही चिठीच देणार. कुणी फडताळाच्या किल्ल्या मागत नाही. ह्यात वाचकाला थोडा उशीर लागतो, पण दफ्तर शाबूत राहते.

पुढे २००४ साली मायक्रोसॉफ्टने हीच भाषा घेऊन तिच्यावर भर घातली आणि तिला एमटीपी असे नाव दिले. हेतू छायाचित्रांचा नव्हता, गाण्यांचा होता. त्या वेळी खिशातल्या गाण्यांच्या यंत्रांचा धंदा भरात होता, आणि विकत घेतलेले गाणे एकाच्या यंत्रातून दुसऱ्याच्या यंत्रात सहज जाऊ नये, अशी गाणी विकणाऱ्यांची इच्छा होती. उघडी वही हाती दिली तर असल्या कुलपांना अर्थ राहत नाही. खिडकीवरच्या कारकुनाला मात्र ‘हे देऊ नकोस’ असे सांगून ठेवता येते. म्हणजे दफ्तर सुरक्षित राहावे ही सोय आणि गिऱ्हाइकावर नजर राहावी ही सोय, दोन्ही एकाच खिडकीत येऊन बसल्या. ही भाषा गाण्यांशी किती घट्ट बांधलेली होती, ह्याची एक मजेदार खूण युरोपात पाहायला मिळते. २००४ साली युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला विंडोजची मीडिया प्लेअरविना एक आवृत्ती विकायला लावली. त्या जातीच्या विंडोजमधून गाणी वाजवणारा प्रोग्रॅम गेला, आणि त्याच्याबरोबर एमटीपीही गेली. तिथल्या लोकांना फोन जोडण्यासाठी पुढेही वेगळे गाठोडे आणून बसवावे लागले.

मे २००८ मध्ये यूएसबीच्या मंडळाने एमटीपीला आपल्या प्रमाणांत रीतसर जागा दिली. तोवर लिनक्सवाले स्वस्थ बसले नव्हते. क्रिएटिव्ह कंपनीच्या नोमॅड ज्यूकबॉक्स ह्या यंत्राशी बोलण्यासाठी त्यांनी एक संग्रह आधीच लिहिला होता. पुढे तीच यंत्रे एमटीपी बोलू लागली, तेव्हा २००५ च्या सुमारास रिचर्ड लो ह्यांनी कॅमेऱ्यांसाठी लिहिलेल्या पीटीपीच्या मुक्त कोडवर काम सुरू केले आणि लिबएमटीपी ह्या संग्रहाला आरंभ झाला. स्वीडनचे लिनुस वालेइ ह्यांनी त्याचा संसार वर्षानुवर्षे सांभाळला. लिनक्सच्या इतिहासात दोन लिनुस आहेत, त्यांतला हा दुसरा, आणि थोड्यांनाच ठाऊक असलेला. ह्या संग्रहात यंत्रांची एक लांबलचक यादी आहे. प्रत्येक यंत्राचा बनवणाऱ्याचा क्रमांक, नगाचा क्रमांक, आणि त्यापुढे त्याच्या खोड्या: हे यंत्र अमुक विचारले की गप्प बसते, ते तमुक मागितले की रुसते. लग्न जमवणारे लोक पूर्वी स्थळांच्या वह्या ठेवत, तशीच ही वही. जगभरच्या माणसांनी आपापले यंत्र जोडून पाहिले, काय बिघडते ते कळवले, आणि त्यातून ती वाढत गेली. त्या वहीत अँड्रॉइडच्या खोड्यांचा तर स्वतंत्र गठ्ठाच बांधून ठेवला आहे.

कारण आता अँड्रॉइडच ह्या भाषेकडे वळला होता. फेब्रुवारी २०११ मध्ये अँड्रॉइडची ३.० ही टॅब्लेटसाठीची आवृत्ती आली, आणि तिने मास स्टोरेजला निरोप देऊन एमटीपी पत्करली. ऑक्टोबर २०११ मध्ये डेनिस रिची निवर्तले. त्याच महिन्यात हाँगकाँगमध्ये अँड्रॉइड ४.० आणि गॅलेक्सी नेक्सस हा फोन जगापुढे मांडला गेला, आणि त्या फोनवर तर उघडी वही देण्याची सोयच नव्हती. ज्याने साऱ्या यंत्रांचे एक झाड करण्याचे स्वप्न पाहिले तो गेला, आणि त्याच महिन्यात त्याच्याच कुळातल्या फोनने कलमाला फांदी द्यायचे नाकारले. हा निव्वळ योगायोग आहे. पण बखरकाराला असले योगायोग टाळवत नाहीत.

गूगलची बाजू मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. पूर्वी फोनच्या साठ्याचे दोन हिस्से असत: प्रोग्रॅमांचा एक आणि गाणी-चित्रांचा एक. एक भरून वाहू लागला तरी दुसऱ्यातली रिकामी जागा त्याच्या कामाची नसे. दोन भावांत वाडा वाटून घेतल्यावर एकाच्या ओसरीवर पाहुणे दाटीवाटीने निजतात आणि दुसऱ्याचा माडीवरचा दिवाणखाना ओस पडतो, तशी गत. त्यांनी मधली भिंत पाडली आणि सगळा साठा एक केला. पण एकत्र वाड्याची किल्ली परक्याच्या हाती कशी देणार? दिली तर फोनचे चालणेच थांबेल. शिवाय आतली मांडणी आता लिनक्सच्या वळणाची होती, ती विंडोजला वाचता आली नसती. तेव्हा खिडकी ठेवणे भाग होते, आणि जगातल्या बहुतेक संगणकांना आधीपासून कळणारी खिडकीची भाषा एकच होती, एमटीपी. असा हा तह झाला. दोघे चुलत भाऊ एकमेकांशी बोलू लागले, पण मायक्रोसॉफ्टच्या भाषेत.

लिनक्सवाल्यांची पुढची दोन वर्षे त्रासाची गेली. फोन जोडला की पडद्यावर काहीच दिसू नये, दिसले तर यादी रिकामी असावी, आणि यादी आली तर नक्कल अर्ध्यावर थांबावी. अडचण मुळातली होती. लिनक्सच्या झाडाला कलम हवे पानांच्या वहीचे, आणि इथे समोर वही नव्हती, नुसती खिडकी होती. खिडकीचे कलम कसे बांधणार?

ह्याचे उत्तर सुदैवाने आधीच तयार होते. हंगेरीचे मिक्लोश सेरेदी ह्यांनी फ्यूज नावाची एक युक्ती रचली होती, आणि ऑक्टोबर २००५ मध्ये २.६.१४ ह्या गाभ्यात तिला जागा मिळाली होती. तिचे मर्म असे: झाडाची एक फांदी गाभ्याने स्वतः न सांभाळता एखाद्या साध्या प्रोग्रॅमच्या हवाली करायची. त्या फांदीवर कुणी फाइल मागितली की गाभा त्या प्रोग्रॅमला विचारतो, आणि तो कुठून का होईना उत्तर आणून देतो. मग फांदीमागे खरी तबकडी असायलाच हवी असे नाही. मागे खिडकी असली तरी चालते. जेएमटीपीएफएस, गो-एमटीपीएफएस, सिंपल-एमटीपीएफएस असे प्रोग्रॅम ह्या पायावर उभे राहिले. २०१३ च्या सुमारास ग्नोम आणि केडीई ह्या दोन्ही मेजांच्या फाइल दाखवणाऱ्या खिडक्यांत एमटीपीची सोय आली, आणि सामान्य माणसाला फोन जोडताच त्याचे चिन्ह दिसू लागले. फ्रीबीएसडी ह्या युनिक्सच्या दुसऱ्या शाखेनेही २०१४ च्या १०.० आवृत्तीत फ्यूजला घरात घेतले.

आणि ह्या कथेतली सर्वांत गोड गंमत पुढेच आहे. २०२० साली अँड्रॉइड ११ आला, आणि त्याने फोनच्या आतला साठा प्रोग्रॅमांना दाखवण्यासाठी फ्यूजचाच आधार घेतला. म्हणजे केबलीच्या ह्या टोकाला फ्यूज, त्या टोकाला फ्यूज, आणि मधल्या तारेत एमटीपी!

एवढे होऊनही खिडकीचे स्वभावदोष राहिलेच. ती एका वेळी एकाचेच ऐकते. मेजाच्या प्रोग्रॅमने तिच्याशी बोलणे सुरू केले असेल तर दुसऱ्याला ‘यंत्र उघडता येत नाही’ असे रोखठोक उत्तर मिळते, आणि माणूस उगाच केबल बदलत बसतो. मूळ भाषेत फाइलीच्या मधल्याच चार ओळी बदलण्याची सोय नाही. अख्खी फाइल न्यायची, दुरुस्त करायची नि परत द्यायची. गूगलने स्वतःच्या काही जादा आज्ञा घालून ती उणीव भरली, पण त्या सगळ्या प्रोग्रॅमांना येत नाहीत. फोनची यादी कधीकधी शिळी असते. आत्ता काढलेले चित्र तिच्यात सापडत नाही, फोन बंद करून चालू केला की सापडते. आणि २०१५ च्या अँड्रॉइड ६.० पासून केबल लावल्यावर फोन आपणहून फक्त वीज घेतो. कुलूप काढून, पडद्यावर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडल्याशिवाय खिडकी उघडत नाही. सार्वजनिक जागी कुणाच्याही भोकाला फोन लावण्याच्या ह्या काळात हा शहाणपणाच आहे. पण ह्या शहाणपणाचीही एके दिवशी किंमत मोजायची पाळी येते.

माझी थोरली आत्या जात्यावरच्या ओव्या म्हणायची. कुठे छापलेल्या नव्हेत. तिच्या आजीकडून तिला आलेल्या. तिच्या नातवाने एका उन्हाळ्यात त्या आपल्या फोनवर थोड्याथोड्या भरून घेतल्या. त्यानंतरच्या वर्षी आत्या गेली. पुढे दोन महिन्यांत तो फोन जिन्यावरून पडला. पडद्यावर चित्र दिसे, पण बोटाला तो दाद देईना. पोराने एका दुकानात दाखवला, आणि संध्याकाळी मला फोन केला.

“काका, दुकानदार म्हणतो पडदा बसवून देतो, पण आतलं सगळं पुसावं लागेल. मी म्हटलं, मग राहू दे.”

“दुसरीकडे कुठं ठेवलंयस का ते?”

“नाही ना. तेवढंच राहून गेलं.”

तो आला तेव्हा त्याने फोन रुमालात गुंडाळून आणला होता. अडचण अशी की खिडकी उघडायला पडद्याला बोट लावावे लागते, आणि बोट तर लागत नव्हते. पण यूएसबीला २००१ पासून एक उलटी चाल ठाऊक आहे: फोन स्वतः यजमान होऊन दुसऱ्या यंत्राला पाहुणा करून घेऊ शकतो. बोटाच्या पेराएवढा एक जोडतुकडा लावून मी फोनला संगणकाचा साधा उंदीर जोडला. पडद्यावर बाण उमटला! त्या बाणाने त्याने कुलूप काढले. मात्र फोनला भोक एकच. त्यात उंदीर असला की केबल कुठे लावणार? म्हणून त्या उंदराच्याच मदतीने एका बिनतारी ब्लूटूथ उंदराशी फोनची ओळख करून दिली, पहिला काढला, केबल संगणकाला लावली, आणि बिनतारी उंदराने ‘फाइल ट्रान्सफर’वर बाण नेऊन दाबला.

मेजावर फोनचे चिन्ह आले. आतल्या फडताळात ध्वनिमुद्रणांचा कप्पा होता. सदतीस फाइली. त्यांतली एकही तिथल्या तिथे वाजवून पाहायची नाही, असे मी त्याला आधीच बजावले होते. खिडकीवरच्या कारकुनाला एका वेळी एकच काम सांगावे. सगळ्या आधी संगणकावर उतरवल्या, सदतीस मोजल्या, दोन्हीकडचे आकार ताडून पाहिले, दुसऱ्या तबकडीवर आणखी एक प्रत ठेवली, आणि मगच पहिली लावली. जात्याची घरघर आधी आली. त्यामागून आत्याचा आवाज. पोरगा खिडकीबाहेर पाहत उभा राहिला, आणि मीही त्याच्याकडे पाहिले नाही.

दुकानदाराला मी दोष देत नाही. त्याच्या दृष्टीने तो फोन म्हणजे एक वस्तू होती, आणि वस्तू दुरुस्त करणे त्याचे काम. पण त्या दिवशी ह्या साऱ्या इतिहासाचे मोल मला नव्याने उमगले. आज घराण्याचे दप्तर पेटीत नसते, फोनमध्ये असते. बारशाचे फोटो, गेलेल्यांचे आवाज, जमिनीच्या कागदांच्या प्रती, सारे तिथेच. आणि त्या दप्तराची एकच खिडकी तेवढी उघडी असेल, तर तिची भाषा येणारी माणसे आपल्या बाजूला असावी लागतात. रिचर्ड लो, वालेइ, सेरेदी ह्यांना आत्याचे नावगाव ठाऊक असण्याचे कारण नाही. कुठल्याशा गाण्याच्या यंत्रासाठी, कुठल्याशा खोडीसाठी त्यांनी रात्री जागवल्या, तो कोड कुलूप न लावता चव्हाट्यावर ठेवला, आणि म्हणून एका मराठी घरातल्या ओव्या वाचल्या.

आयफोनची कथा थोडी निराळी. जून २००७ मध्ये तो विक्रीला आला, आणि ऑगस्टपासूनच त्याच्याशी लिनक्सवरून बोलण्याची खटपट सुरू झाली. तीच पुढे लिबआयमोबाइलडिव्हाइस ह्या नावाने नांदू लागली. त्याची बोली ॲपलची स्वतःची, तिच्यावरही फ्यूजचे कलम बांधणारा आयफ्यूज नावाचा प्रोग्रॅम आहे. छायाचित्रांपुरती मात्र तोही कॅमेऱ्यांची जुनी पीटीपी बोलतो. २०१३ पासून आयफोन आधी विचारतो, ‘ह्या संगणकावर विश्वास ठेवायचा का?’ ह्या प्रश्नाला ‘होय’ म्हटल्याखेरीज तिथेही खिडकी बंदच. गंमत म्हणजे ॲपलचा मॅक हाही युनिक्सच्याच कुळातला. पण त्याच्या फाइंडरला एमटीपी कळत नाही, अँड्रॉइड फोन जोडायचा तर तिथे वेगळा प्रोग्रॅम आणावा लागतो. कूळ एक असले म्हणजे बोलचाल असतेच असे नाही, हे घराघरांतून आपण पाहतोच.

आता बखर आटोपती घेतो. पण दिवाळीत घरी माणसे जमलेली आहेत, तेव्हा एक काम सुचवून ठेवतो. पाडव्याला दुकानदार नव्या वह्या घालतात. त्याच दिवशी घरातले सगळे फोन एकेक करून संगणकाला जोडावे. केबल निरोप वाहणारी आहे ना ते आधी पाहावे. स्वस्तातल्या काही केबलींत विजेच्याच दोन तारा असतात आणि मग कितीही वाट पाहिली तरी चिन्ह येत नाही. फोनचे कुलूप काढावे, ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे. फाइली फोनवरून हलवू नयेत, नक्कल करावी. मोजाव्या, ताडून पाहाव्या, आणि दोन ठिकाणी ठेवाव्या. आजीच्या फोनपासून सुरुवात करावी. तिच्यातले फोटो थोडे असतात, पण ते दुसऱ्या कुणाकडे नसतात.